दुसरें उत्तर

साइन क्ष = ०.८, तर एका पूर्ण फेऱ्यांत क्ष किती? हा प्रश्न देगलुरास आम्ही किती वर्षें फळ्यावर लिहीत आलों, याची मोजदाद नाहीं. मुलें कोष्टक पाहून ५३ अंश ८ कला हें उत्तर काढतात आणि लेखणी खालीं ठेवतात. तें १८० अंशांतून वजा केलें म्हणजे १२६ अंश ५२ कला हें दुसरें उत्तर मिळतें, तें राहून जातें. आणि आम्ही निम्मे गुण कापतों.

एके वर्षीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "सर, हें दुसरें उत्तर असतें कोठें?" "सूत्रांत!" असें म्हणून आम्हीं वर्गास हंसविलें. त्यानें पुन्हा कधीं कांहीं विचारलें नाहीं. दिवाळीनंतर तो वर्गांत दिसेनासा झाला. दोहोंचा संबंध असेलच असें नाहीं. पण तें हंसणें आमच्या कानांतून गेलें नाहीं, हें खरें.

उत्तर आम्हांस सांपडलें तें घरच्या अंगणांत, पुष्कळ उशिरां. देगलुराचा अक्षांश सुमारें साडेअठरा. सूर्याची क्रांति तेवढी झाली कीं माध्यान्हीं उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीं लोपते. आतां क्रांतीची ज्या म्हणजे परमक्रांतीची (सुमारें २३ अंश २६ कला) ज्या गुणिलें सूर्याच्या सायन भोगाची ज्या. ०.३१८ ला ०.३९८ नें भागून पाहिलें, तों तेंच ०.८! ५३ अंशांवर सूर्य १४ मेच्या सुमारास येतो. १२७ अंशांवर जुलै सरतां सरतां, २९-३० तारखेस. पहिलें उत्तर सव्वाबाराच्या रणरणत्या उन्हांत सर्व गांवास दिसतें. दुसरें ढगांआड.

भास्कराचार्यांनीं वयाच्या ३६ व्या वर्षीं, ११५० सालीं, सिद्धान्तशिरोमणि रचला. त्यांतील ज्योत्पत्तींत १८ व ३६ अंशांच्या ज्या काढल्या आहेत. पण त्यांच्यापुढें ज्या होती ती आकाश मोजण्यासाठीं. आम्ही ती इंग्रजी पुस्तकांतून 'साइन' म्हणून शिकलों. तो शब्दही मूळ 'ज्या'चाच, अरबींत जाऊन तेथून लॅटिनांत चुकीच्या वाचनानें रूप बदललेला! पदवीधरांस हें ठाऊक असतें, अंगणांतली काठी मात्र ठाऊक नसते.

गेल्या जुलैंत आम्ही दोन दिवस काठी रोवून उभे राहिलों. पहिल्या दिवशीं पाऊस. दुसऱ्या दिवशीं साडेबारास तीनचार मिनिटें कमी असतां ढग क्षणभर फांकले. काठी होती, सावली नव्हती. कोणास तरी हांक मारावी असें वाटलें. परंतु त्या मुलाचा पत्ता आमच्यापाशीं नव्हता.