करोल बागेतले हत्ती

ग्वाल्हेरहून दिल्ली सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. मुरैन्याची गजक, चंबळचा पूल, धौलपूरचा तांबडा दगड आणि मथुरेचे पेढे या खुणांनी हा रस्ता इकडच्या मराठी कुटुंबांना तोंडपाठ आहे. महादजी शिंद्यांनी १७७२ साली बादशहाला पुन्हा दिल्लीच्या तख्तावर बसविले. आम्ही दोन हिवाळ्यांपूर्वी त्याच दिशेने निघालो, ते आमच्या मेहुण्यांना एका जुन्या जर्मन मोटारीत बसविण्यासाठी. बँकेतून निवृत्त होताना हाती आलेल्या पुंजीतून बारा लाख रुपये त्यांनी या हौसेपायी बाजूला काढले होते. आमच्या भगिनीचा या बेताला उघड विरोध होता, आणि आम्हांला सोबत धाडले ते तिनेच. तिसरे होते मेहुण्यांच्या परिचयाचे एक वयस्कर मिस्त्री.

झंडेवालानच्या उंच हनुमानमूर्तीला नमस्कार करून पुढे गेले की करोल बाग लागते. अजमल खाँ रस्त्यावरची शालींची आणि लग्नाच्या कापडांची झुंबड ओलांडून आपण आतल्या गल्ल्यांत शिरतो, तो तेथे मोटारींचा बाजार भरलेला. दुकान म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि देवाची तसबीर. माल सगळा रस्त्यावर. ओले फडके घेतलेली पोरे सकाळपासून एकेका गाडीचे अंग पुसत असतात. जत्रेतल्या बैलबाजारात जनावरांची शिंगे रंगवितात, त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दलाल चहा पाजल्याखेरीज भाव सांगत नाही, आणि सांगितलेला भाव घेण्यासाठी नसतोच.

येथे या गाड्या इतक्या स्वस्त का, हा प्रश्न कोणाही सुज्ञास पडावा. एक कारण कायद्याचे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना राजधानीच्या परिसरात मनाई केली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांबाबत तोच कित्ता गिरविला. पुढे २०२५ मध्ये न्यायालयाने यात काहीसा दिलासा दिला खरा, पण मधल्या काळात नऊ वर्षांची धडधाकट डिझेल गाडी दिल्लीकराला नकोशी झाली आणि ती ग्वाल्हेर-इंदूरची वाट चालू लागली. दुसरे कारण अधिक खोल आहे. पन्नास लाखांची गाडी दहा वर्षांत दहा लाखांवर येते. तिच्या सुट्या भागांची किंमत मात्र पन्नास लाखांच्या गाडीचीच राहते. (जर्मन म्हणून मिरविणाऱ्या यांतल्या पुष्कळ गाड्यांची जुळणी चाकणला किंवा छत्रपती संभाजीनगरला झालेली असते, हे कळल्यावर मेहुण्यांची छाती उगाच फुगली.)

पहिली गाडी रुपेरी, डिझेलची, नजर ठरू नये अशी. मिस्त्रींनी बॉनेटला हातही लावला नाही. मागच्या आसनावर बसून त्यांनी सुरक्षापट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. तळाच्या वीतभर भागावर चिखलाची वाळलेली रेघ होती. गाडी कधीतरी पुरात उभी राहिली होती.

“मास्टरजी, बारिश में तो घर की छत भी टपकती है,” दलाल आम्हांला म्हणाला. युक्तिवाद म्हणून तो वाईट नव्हता. परंतु ज्या गाडीत डझनभर संगणक आणि कोसभर तारा आहेत, तिच्या पोटात शिरलेले पाणी वर्षा-दोन वर्षांनी बोलू लागते.

दुसरीचा काटा अठ्ठेचाळीस हजार किलोमीटर दाखवीत होता, पण ब्रेकच्या पायटाचे रबर गुळगुळीत झालेले. नोंदी मागविल्या, तर तीन वर्षांपूर्वीच ती गाडी एक्क्याण्णव हजार धावल्याचे निघाले. आम्ही शाळेत प्रगतिपुस्तकातले गुण खोडणारी मुले पाहिली आहेत. हा हात त्याहून सफाईदार होता.

दुपारी छोले-कुलच्यांच्या ठेल्यापाशी मिस्त्रींनी मेहुण्यांना खर्चाचा पाठ दिला. काही गाड्या लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर तरंगतात. आपल्या उन्हाधुळीत ते रबर तडकते आणि सकाळी गाडी बसलेल्या उंटासारखी दिसते. अशी घेऊ नये. स्वयंचलित गिअरपेटीचे तेल जन्मभर पुरते, असे कोणी सांगितले तरी लाखभर किलोमीटरच्या आत ते बदलावे. ज्या गाडीला विनाहवा चालणारे टायर असतात तिच्यात बहुधा जादा चाक नसते. पंक्चर झाल्यावर ती ऐंशीच्या वेगाने सुमारे ऐंशी किलोमीटर जाईल, पण पुढे तशा मापाचा टायर मिळायला हवा. आणि विमा पुरा भरला म्हणून निश्चिंत राहू नये, कारण साध्या पॉलिसीत प्लास्टिक व रबराच्या भागांची निम्मी किंमत मालकालाच सोसावी लागते.

“मग घ्यायची कोणती?” मेहुण्यांनी विचारले.

“आठ लाखांची घ्या. चार लाख तिच्या औषधाला ठेवा.”

तिसरी गाडी पांढरी, पेट्रोलची, साध्या स्प्रिंगची, आणि जिच्या प्रत्येक दुरुस्तीची पावती मालकाने जपून ठेवली होती अशी. सव्वाआठ लाखांवर सौदा तुटला. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर नवी नोंदणी हवी. म्हणून ना-हरकत प्रमाणपत्राचे हेलपाटे आणि ग्वाल्हेरचा रस्ताकर यांत आणखी रक्कम गेली. उरलेले तीन लाख भगिनीच्या नावे मुदत ठेवीत पडले. ही अट आमची, आणि तिच्यावाचून आम्ही दिल्लीहून हललो नसतो.

पहिल्या वर्षाचा जमाखर्च मेहुण्यांनी बँकेच्या वळणाने लिहिला आहे. विमा ३१,०००, तेल, गाळण्या व मजुरी २८,५००, बॅटरी २४,०००, पुढचे दोन टायर ३८,०००, पुढच्या चाकांचे दांडे व रबरे ४६,०००. एकूण १,६७,५००, आणि धाव सहा हजार किलोमीटर. म्हणजे पेट्रोलाखेरीज किलोमीटरमागे अठ्ठावीस रुपये. पेट्रोलही ९५ ऑक्टेनचे, महागडे.

मात्र चंबळच्या पुलावरून ती गाडी जाते तेव्हा आत पाण्याच्या भांड्यावर तरंगही उठत नाही, हे आम्ही मागे बसून पाहिले आहे. भगिनीही आता मागेच बसते. खर्चाची वही तिच्या पिशवीत असते, आणि मागचे टायर बदलण्याचा अर्ज अजून तिच्याकडे विचाराधीन आहे.