धाक आणि धीर

आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मुलांचे संगोपन हा दीर्घकाळ अंमलाचा विषय मानला गेला. वडिलांची जरब, आईची मध्यस्थी, आणि दोहोंकडूनही निराश झालेल्या चिमुकल्या जिवाला शेवटची दाद मिळावी ती आजीपाशी, अशी रीतच घरोघर पडून गेली होती. पाच वर्षे लालन, पुढील दहा वर्षे ताडन आणि सोळावे लागताच मित्रभाव, असा क्रम एका जुन्या संस्कृत सुभाषिताने घालून दिला. त्यांतील मधल्या दहा वर्षांचेच स्मरण आपल्या पिढ्यांनी अधिक ठेवले, याचा मला खेद वाटतो. या धाकामागे प्रेम नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. पोहायला जाणे चुकवून दडून बसलेल्या साने गुरुजींच्या श्यामला आईच्या हातची शिंपटी खावी लागली, तरी त्या माउलीच्या वात्सल्याविषयी एकाही मराठी वाचकाला कधी शंका आली नाही.

परंतु वात्सल्य उदंड असून विश्वास अल्प असू शकतो. मूल स्वतःच्या हाताने पाणी ओतू पाहते, सदऱ्याची गुंडी लावू पाहते, आणि आपण, ते सांडेल, चुकेल, उशीर होईल या धास्तीने, त्याच्या हातचे काम काढून घेतो. गिजुभाई बधेका यांनी 1920 साली भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले, आणि पुढे ताराबाई मोडक त्यांच्या कार्यात सहभागी झाल्या, तेव्हा या दोघांनी मोठ्यांकडे मागितली ती मुख्यतः हात आवरून जवळ उभे राहण्याची तयारी. मारापेक्षा हे कितीतरी अवघड आहे!

ताराबाईंची थोरवी मला याहूनही पुढे दिसते. 1945 साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस गेल्या, तेव्हा त्यांच्यासमोर आलेल्या गरीब घरांत पालक म्हणजे आईबाप, ही आपली ठरीव समजूतच लागू पडेना. कारण आईबाप दिवस उजाडताच मजुरीला जात, आणि तान्ह्याला कडेवर घेऊन दिवसभर सांभाळी ती स्वतःच अजून खेळण्याच्या वयातली थोरली बहीण. अशा मुलीला एकटीच शाळेत ये म्हणण्यात काय अर्थ होता? आईबापांना अडाणी, बेफिकीर ठरवून मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी तसे केले नाही. त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली; आणि 1957 नंतर कोसबाडच्या टेकडीवर, अनुताई वाघांच्या अथक साथीने, पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात उभी केली, की बहिणीने धाकट्याला तेथेच सोपवावे आणि निर्धास्तपणे आपल्या वर्गात जाऊन बसावे. उरली गुरांमागे जाणारी मुले. त्यांना गुरे सोडून येण्याची मुभा घरून मिळणे शक्य नव्हते; म्हणून त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले.