उटीच्या कुंपणावरचा साल्व्हिया

वाचकहो, उटीला जाल तेव्हा मेट्टुपाळयमहून डोंगरगाडीने चढा. 46 किलोमीटरला साडेचार-पाच तास मोडतात. पण तळाला पोफळीच्या बागा आणि वर चहाचे मळे, असे हवामानाचे पट्टे एकाच बैठकीत पाहायला मिळतात. 1848 सालचे सरकारी वनस्पती उद्यान सगळेच पाहतात. तुम्ही घरांच्या कुंपणांकडेही नजर टाका.

तिथे कमरेएवढे, करड्या पानांचे एक झुडूप दिसेल. दांडा तुळशीसारखा चौकोनी, कारण कूळ तुळशीचेच. हा मूळचा मेक्सिकोचा बहुवर्षायू साल्व्हिया. दिवस लहान होऊ लागले की त्यावर जांभळे मखमली तुरे येतात. ती मखमल म्हणजे फूल नव्हे, पुष्पकोश. खरे फूल त्यातून डोकावणारे, बहुधा पांढरे. फूल गळले तरी कोश टिकतो, म्हणून झुडूप कितीतरी दिवस बहरलेले दिसते. आपल्या बागांतला लाल साल्व्हिया दरसाल नव्याने लावावा लागतो, तसे याचे नाही.

तिथे तो माजतो, कारण उतारावर पाणी ठरत नाही. आपल्या काळ्या रानात नेमके उलटे. तेव्हा मुरूम, वाळू आणि थोडेसे शेणखत घालून फूटभर उंच वरंबा करा. खत जास्त झाले तर पाला वाढतो आणि फांद्या लोळतात. दुपारनंतर सावली मिळेल अशी जागा निवडा. विदर्भाच्या उन्हात मात्र मी याची शिफारस करणार नाही.

बियांच्या नादी लागू नका. रोपवाटिकेतून एक रोप आणा. त्याच्या कळी नसलेल्या कोवळ्या फांदीचा वीतभर तुकडा घ्या, खालची पाने काढा आणि वाळूमिश्रित मातीत, सावलीत लावा. तीन-चार आठवड्यांत मुळ्या धरतात.

डोक्यावरून पाणी आणणाऱ्या घराला फुलझाड सुचवताना मी दहादा विचार करतो. पण हे एकदा रुजले की रोजचे पाणी मागत नाही. वरची माती वाळली की कळशीभर पुरे. मोरीच्या सांडपाण्यावर लावायचा मोह टाळा. सतत ओल राहिली की मूळ कुजते.

बहर सरला की जमिनीपासून वीतभर ठेवून सगळे छाटा. घरची मंडळी हळहळतील, पण नवे फुटवे बुडातूनच येतात. जुन्या काड्या राखल्या तर झुडूप मधून उघडे पडते.

शेळ्या याला सहसा तोंड लावत नाहीत. पान चुरगळून वास घ्या, कारण कळेल.