संगमाच्या खालचं पाणी

मित्रांनो, होस्टेलच्या बाथरूममधून आपण रोज सोडतो ते पाणी जातं कुठं, असा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय? मला पडतो, कारण आमचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी! मुळा-मुठा पुण्याचं सांडपाणी घेऊन शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. त्या संगमाच्या खाली आम्ही राहतो.

गावात पारावर हा विषय निघाला की "पुण्याचं पाणी कोण अडवणार?" इथंच चर्चा संपते. मला वाटतं, नदी हातात नसली तरी विहीर आहे. विहिरीला कठडा आहे का, शेजारी उकिरडा आहे का, पाइपलाइन गटारातून जाते का, हे बघायला डिग्री लागत नाही. अशा पाहणीवरूनच आपल्याकडे ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. पण आपल्या गावाचा रंग कोणता, हे किती जणांना माहीत असतं?

2019 मध्ये जलजीवन मिशन सुरू झालं. प्रत्येक गावातल्या पाच महिलांना फिल्ड टेस्ट किटनं पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. माझी चुलती त्यातली एक, शिक्षण सातवी. टाकीजवळच्या नळाला क्लोरीन ठीक निघालं. मग तिनं वस्तीवरच्या शेवटच्या नळाचं पाणी घेतलं, तर रंगच येईना! शोधलं तेव्हा लाइनचा जॉइंट गटारात गळत होता. पोरांनी दोन दिवसांत तो बदलला. हजार लिटरला 5 ग्रॅम टीसीएल टाकलं, एवढंच रजिस्टर सांगतं. शेवटच्या नळाला लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरलं का, ते चुलतीची नळी सांगते. आपण याला 'टेल एंड' म्हणतो. ती म्हणते, "पंगतीत शेवटच्याला वाढलं का, ते बघायचं."

अर्थात क्लोरीननं जंतू मरतात, खतातून झिरपलेलं नायट्रेट जात नाही. त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. आमचा पट्टा उसाचा, युरियाची गोणी घरोघरी. म्हणजे सगळा दोष पुण्यावर ढकलून चालणार नाही! विहिरीभोवती खत किती टाकायचं, हे ग्रामसभेत आपणच बसून ठरवावं लागेल.

तेव्हा दोस्तांनो, दिवाळीत घरी गेलात की एवढंच विचारा, आपल्या गावाचं कार्ड कुठल्या रंगाचं? आणि शेवटच्या नळाचं पाणी कुणी तपासलंय का?