घरातील कुर्डुवाडी

एकत्र कुटुंबात अमुक वस्तू सामाईक आहे असे आपण सहज बोलून जातो. परंतु ‘सामाईक’ या शब्दाचा अर्थ वाटतो तितका सरळ नाही. विहीर सामाईक असते, देवघर सामाईक असते, ओसरीही सामाईक असते. तथापि कोणाच्या ट्रंकेची किल्ली सामाईक नसते, आणि ती तशी नसते म्हणूनच बाकीच्या गोष्टी सुखाने सामाईक राहतात. काय उघडावे, कोणास उघडावे आणि कोणत्या दाराने उघडावे, हा विवेक आम्ही वडीलधाऱ्यांच्या वागणुकीतून शिकलो. उतारवयात तो पुन्हा शिकण्याचा प्रसंग आला, आणि तो आणला घरातील तीन जुन्या संगणकांनी. सांप्रत बहुतेक सुशिक्षित घरांत एकाहून अधिक संगणक असतात व त्यांतील एखादा तरी वृद्ध असतो. म्हणून आमचा अनुभव वाचकांस उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे लिहीत आहो.

आमचे बिऱ्हाड बार्शी-सोलापूर रस्त्यावरील वैराग गावी. आमचे थोरले बंधू निवृत्त झाल्यावर कुलवृत्तांताच्या मागे लागले. भाऊबंदांस पत्रे घालावी, जुन्या वह्या उतरवून घ्याव्या, त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या नोंदवह्यांतून पूर्वजांची नावे काढावी, असा त्यांचा क्रम कित्येक वर्षे चालला. हे सारे त्यांनी आपल्या खोलीतील विंडोज एक्सपीच्या संगणकावर स्वहस्ते टंकलिखित केले. बंधू गेले, खोली होती तशीच राहिली. पुढे एके दिवशी त्या यंत्राच्या पोटातून, जुन्या चरख्यातून यावा तसा, कटकट आवाज येऊ लागला. आमच्या पुतण्याचा मुलगा पुण्यास अभियांत्रिकी शिकतो. त्याने कान लावून ऐकले आणि सांगितले, “आजोबा, तबकडी फार दिवसांची सोबती नाही. आत आहे ते लवकर बाहेर काढले पाहिजे.” सात पिढ्यांच्या त्या वृत्तांताची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

यंत्र उचलून दुरुस्तीच्या दुकानी न्यावे, हा पहिला उपाय. त्यास आमच्या वहिनींनी स्पष्ट नकार दिला. त्या म्हणाल्या, “भाऊजी, वृत्तांत कुळाचा आहे, तो खुशाल सर्वांना द्या. पण त्याच पेटीत त्यांची रोजनिशी आहे. ती त्यांची आहे. ती परक्याच्या हाती जाता कामा नये.” यावर कोणी काही बोलले नाही, बोलण्यासारखे काही नव्हतेच. दुसरा उपाय पेनड्राइव्हचा. परंतु त्या यंत्राची खोबणी ढिली होऊन बसली होती; आणि ती धड असती तरी आम्हांस त्या मार्गाची आणखी एक भीती होती. पेनड्राइव्हवरून घरोघर प्रती गेल्या की ज्याने त्याने आपापल्या प्रतीत सुधारणा कराव्या, आणि दहा वर्षांनी खरी प्रत कोणती याचा वाद व्हावा. पाठभेद मिटविणे किती दुष्कर असते हे संस्कृत शिकलेल्यास सांगावयास नको. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले ते १९६६ साली पुरे झाले! प्रत एकच असावी, ती घरात एके ठिकाणी असावी आणि ज्यास अधिकार आहे त्याने तेथे जाऊन वाचावी, हेच आम्हांस श्रेयस्कर वाटले. सबब तिन्ही यंत्रे तारेने जोडण्याचे ठरले.

तीन यंत्रे ती अशी. बंधूंच्या खोलीत एक्सपी, २००१ सालच्या पिढीची. मधल्या खोलीत सूनबाईंच्या हिशेबाची विंडोज सात, २००९ सालच्या पिढीची. आणि नातवाची विंडोज दहा, २०१५ सालच्या पिढीची. तिघांसही राउटरशी जोडले. परंतु एकासही दुसरा दिसेना. पडद्यावर एकच वाक्य येई की, संगणक सापडत नाही. लक्षण एक, आणि त्यामागे संभाव्य कारणे अनेक. अशा वेळी सामान्यतः माणूस चार खुंट्या एकदम पिरगाळतो. त्यात दैवयोगाने काम झाले तरी कशाने झाले ते कळत नाही. आमच्या न्यायशास्त्राने यासाठी अन्वयव्यतिरेकाची रीत सांगितलेली आहे. जे असता कार्य घडते आणि जे काढून घेता घडत नाही, ते त्याचे कारण. एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम पाहावा. नातवास ही रीत इतकी पटली की त्याने भिंतीवर कागद लावून प्रत्येक बदलाची नोंद ठेवली.

प्रथम तार. राउटरच्या ज्या खोबणीत तार जाते तिच्याजवळ लहानसा दिवा असतो. बंधूंच्या यंत्राचा दिवा लागत नव्हता. त्या यंत्राने स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने आरंभ होणारा दाखविला. राउटरकडून पत्ता न मिळाल्यास यंत्र असा पत्ता स्वतःच कल्पून घेते, अशी नातवाची माहिती. तार बदलली; दिवा लागला; आणि पत्ता इतर दोघांसारखाच १९२.१६८.१ ने सुरू होणारा आला. मग ‘पिंग’ या आज्ञेने एकाने दुसऱ्यास हाक मारून पाहावी. हाकेस ओ आली म्हणजे रस्ता मोकळा आहे असे समजावे.

दुसरे, गटाचे नाव. बंधूंचे यंत्र ‘एमएसहोम’ या गटात नोंदलेले होते, बाकीची दोन ‘वर्कग्रुप’ या गटात. नावे एक केल्याने शेजाऱ्यांच्या यादीत यंत्र दिसण्यास साहाय्य होते. परंतु यादीत न दिसणाऱ्या यंत्रासही त्याच्या पत्त्याने थेट गाठता येते, हे ध्यानात ठेवावे. तिसरे, फायरवॉल, म्हणजे दारवान. नातवाचा संगणक वसतिगृहात वापरलेला. त्याने आमच्या घराच्या नेटवर्कलाही ‘सार्वजनिक’ मानून आपले तोंड लपविले होते. त्यास ‘खासगी’ असे सांगताच तो दिसू लागला.

चौथी गोष्ट ओळखीची. ज्या खात्यास पासवर्ड नाही अशा खात्याच्या नावाने तारेवरून आलेल्यास आत घ्यावयाचे नाही, असा या यंत्रांचा दंडक असतो. घरच्या घरी कुलूप कशास म्हणून पासवर्ड न ठेवणारी जी कुटुंबे आहेत, त्यांची गाडी येथेच अडते. आम्ही सूनबाईंच्या यंत्रावर केवळ या कामापुरते निराळे खाते उघडले व त्यास पासवर्ड दिला. पाचवी गोष्ट परवानगीची. ती दोन ठिकाणी द्यावी लागते. एक तारेवरून येणाऱ्यासाठी आणि दुसरी त्या फोल्डरवर. दोहोंत जी अधिक कडक असेल तीच चालते. वाड्याचा दिंडीदरवाजा उघडा आहे, परंतु खोलीस कडी आहे, तर पाहुणा अंगणातच राहणार.

एवढे केल्यावर भिंतीवरील कागदावर मोठी चमत्कारिक नोंद झाली. एक्सपी व सात यांचे जमले. सात व दहा यांचेही जमले. एक्सपी व दहा यांचे मात्र काही केल्या जमेना. तार तीच, दारवान अनुकूल, पासवर्ड बरोबर. मग व्यतिरेक कोठे होता? तो भाषेत होता.

संगणक एकमेकांकडे फाइली मागतात त्या बोलीस एसएमबी म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९८० नंतरच्या दशकातील. एक्सपीस तेवढीच येते आणि नवी शिकण्याचे तिचे वय राहिलेले नाही. दुसरी आवृत्ती पुढच्या पिढीबरोबर आली. सातास दोन्ही येतात. दहा मात्र, २०१७ सालच्या शरदात निघालेल्या प्रतीपासून, पहिली बोली सहसा सोबत ठेवीत नाही. यास सबळ कारण घडले होते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नामक खंडणीखोर विषाणूने या जुन्या बोलीच्या हाताळणीतील छिद्रातून शिरून सुमारे दीडशे देशांतील यंत्रे बंद पाडली. इंग्लंडातील सरकारी रुग्णालयांसही त्याची झळ लागली. त्या छिद्राची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येच निघालेली होती. ज्यांनी ती बसवून घेतली नव्हती ते सापडले.

गावातील एका जाणत्या कारागिराने तोड सुचविली की, नातवाच्या यंत्रात जुनी बोली पुन्हा चालू करावी म्हणजे पाच मिनिटांत काम होईल. काम झाले असते हे खरे. परंतु ते यंत्र पुण्यास जाते, वसतिगृहाच्या नेटवर्कवर बसते, शंभर अनोळखी यंत्रांच्या शेजारी उभे राहते. म्हाताऱ्याशी दोन शब्द बोलता यावे म्हणून तरुणाने आपल्या दाराची कडी कायमची काढून ठेवावी काय? आम्हांस ते प्रशस्त वाटेना. आणि एक्सपी यंत्रावरील अवघी तबकडी सामाईक करावी, म्हणजे हवे ते ज्याने त्याने उचलावे, ही दुसरी सूचना तर वहिनींच्या शब्दापुढे टिकणारीच नव्हती.

या पेचातून वाट दाखविली ती बार्शी लाइट रेल्वेने. १८९७ साली सुरू झालेली ती अडीच फुटी रुळांची गाडी आमच्या पिढीने पाहिलेली आहे. कुर्डुवाडीस मुंबई-मद्रासची साडेपाच फुटी मोठी लाइन भेटे. लहान गाडी मोठ्या रुळांवर चढत नसे, मोठी गाडी लहान रुळांवर उतरत नसे. म्हणून व्यापार अडला काय? माल कुर्डुवाडीस एका वाघिणीतून उतरून दुसरीत चढे, आणि बार्शीच्या पेठेचा माल मुंबईस पोहोचे. रूळ न उखडता शंभराहून अधिक वर्षे तो व्यवहार चालला. आमच्या घरातही कुर्डुवाडी होतीच की! ती मधल्या खोलीत सूनबाईंच्या मेजावर बसली होती.

व्यवस्था केली ती येणेप्रमाणे. सूनबाईंच्या यंत्रात २०१७ सालची ती दुरुस्ती बसलेली आहे, याची प्रथम खात्री केली. बाहेरून राउटरात येणारी इंटरनेटची तार काढून ठेवली, म्हणजे हा सारा व्यवहार घरच्या चार भिंतींत राहावा. एक्सपीस २०१४ पासून आणि सातास २०२० पासून नव्या दुरुस्त्या मिळत नाहीत. त्या यंत्रावर ‘वृत्तांत’ नावाचा एकच फोल्डर सामाईक केला. बंधूंच्या यंत्रातील काहीही सामाईक केले नाही. उलट त्या यंत्रापुढे बसून वृत्तांताचे कप्पे तेवढे उचलावयाचे आणि मधल्या खोलीत नेऊन ठेवावयाचे. बाहेरच्याने आत हात घालावयाचा नाही. आतल्याने देईल ते द्यावयाचे. हे समजताच वहिनी स्वतः खुर्ची ओढून बसल्या. कोणते कप्पे जावयाचे ते त्यांनी एकेक बोट ठेवून सांगितले. रोजनिशीच्या कप्प्याशी आल्या तेव्हा क्षणभर थांबल्या, आणि पुढच्यावर गेल्या. तबकडी मधूनमधून अडे, पुन्हा चाले. दिवेलागणीच्या सुमारास शेवटची फाइल मधल्या खोलीत पोहोचली. तेथून नातवाने ती नव्या बोलीत आपल्याकडे घेतली.

तेथेही एक कौतुक व्हावयाचे होतेच. नातवाच्या पडद्यावर सात पिढ्यांची वंशावळ रोमन अक्षरांच्या कचऱ्यासारखी उमटली! युनिकोड रूढ होण्यापूर्वीच्या मराठी टंकांत रोमन अक्षरांच्याच क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसविलेली असत. तो टंक जवळ नसेल तर पाटी कोरी नसूनही वाचता येत नाही. मग टंकाची फाइलही त्याच मार्गाने आणली आणि अक्षरे वाचती झाली. पुढे नातवाने मजकूर युनिकोडमध्ये उतरविला. त्यात रफार व जोडाक्षरे जागजागी विस्कटली; ती मुळाशी ताडून शुद्ध करण्याचे काम आम्ही घेतले. निवृत्त शिक्षकास याहून आवडते काम कोणते!

आता बंधूंच्या यंत्राची तार काढलेली आहे आणि ते त्यांच्या खोलीत त्यांच्या जागी आहे. काम झाल्यावर मधल्या यंत्रातील जुनी बोलीही बंद केली. सुधारावयाची प्रत एकच, ती मधल्या खोलीत; तिच्यावरून केवळ राखणीसाठी काढलेली एक प्रत परगावी लेकीकडे, आणि एक कागदावर छापून देवघरातील पेटीत.

या खटाटोपातून गृहस्थांस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरातील जुने यंत्र मुके झाले असे वाटले तर त्यास टाकून देऊ नका, आणि त्याच्यासाठी घराची सारी दारेही सताड उघडू नका. दोन्ही बोली जाणणारा मधला कोणी घरात आहे का ते आधी पाहा. बहुधा तो असतो, आणि बहुधा त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसते. दुसरी गोष्ट, हे काम तबकडी वाजू लागण्याची वाट न पाहता करावे. ज्यांनी लिहिले ते हयात असतानाच, त्यांच्या शेजारी बसून करावे. काय द्यावयाचे आणि काय ठेवावयाचे हे सांगण्याचा अधिकार मुळात त्यांचा आहे. आमच्या घरी तो वहिनींनी चालविला. प्रत्येक घरी असे कोणी मागे असेलच असे नाही.