पत्र्यावरचं पाणी कुठं जातं?

डेल्फ्टमधल्या पहिल्या आठवड्यात माझं निम्मं काम प्राध्यापकाचं नव्हतंच. अमेरिकेतल्या आमच्या विद्यापीठानं पाणी व्यवस्थापनाचा एक विषय उन्हाळी सत्रात थेट हॉलंडमध्ये जाऊन शिकवायचं ठरवलं आणि सिव्हिल इंजिनिअरिंग विभागातून माझी नेमणूक झाली. सोबत विशीतली मुलंमुली, बहुतेकांचा पहिलाच परदेश प्रवास. कुणाची बॅग मागे राहिलेली, कुणाला रात्रभर झोप नाही, कुणाचं क्रेडिट कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात चालत नाही. भाड्यानं घेतलेल्या सायकलींना हाताचा ब्रेकच नव्हता, पायडल उलटं दाबलं की त्या थांबायच्या. हे कळेपर्यंत एक मुलगी कालव्याच्या अगदी काठाशी जाऊन टेकली. जिल्हा परिषद शाळेची सहल वेरूळला नेणारे गुरुजी दर थांब्यावर डोकी मोजतात, तसा मी दर स्टेशनावर डोकी मोजत होतो.

वर्ग सुरू झाला तेव्हा हायसं वाटलं. तयारी भरपूर होती. या देशाचा जवळपास चौथा हिस्सा समुद्रसपाटीच्या खाली आहे. 1 फेब्रुवारी 1953 च्या पहाटे समुद्राचे बांध फुटले आणि 1836 माणसं गेली. त्यानंतर काही दशकं खर्चून बांध आणि दरवाजांची साखळी उभी राहिली. मुलांनी सगळं निमूटपणे लिहून घेतलं. शंका एकही नाही. एवढ्यासाठी समुद्र ओलांडायची काय गरज होती, असं माझ्याच मनात आलं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर एकच काम लिहिलं. तुम्ही राहता त्या इमारतीच्या छपरावर आज पडलेला पाऊस समुद्रापर्यंत कसा जातो, ते शोधून काढा. चालत जा, सायकलीनं जा, माणसांना विचारा, पण फोनवर शोधायचं नाही. जून महिना होता आणि रोज झिमझिम चालूच होती, त्यामुळे अभ्यासाला पाणी कमी पडणार नव्हतं.

मीही सोबत निघालो. पन्हाळीचं पाणी पाइपातून गल्लीत आणि गल्लीतून कालव्यात जात होतं. जुन्या डेल्फ्टच्या कालव्यावर एक दगडी इमारत आहे, दर्शनी भिंतीवर रंगीत राजचिन्हं कोरलेली. मुलांना ते चर्च वाटलं. निघालं डेल्फलंड पाणी मंडळाचं कार्यालय. मंडळ 1289 सालापासूनचं, या इमारतीत 1645 पासून. लोक मंडळावर प्रतिनिधी निवडून देतात आणि मंडळ स्वतःचा वेगळा कर घेतं. अशी 21 मंडळं आज देशभर आहेत. कुठल्या कालव्यात पाणी किती उंचीवर ठेवायचं हे ती ठरवतात आणि ती पातळी पंपांनी राखतात.

गावाबाहेर पडल्यावर मात्र मीच थबकलो. आम्ही बांधावरून चाललो होतो. डाव्या हाताला काठोकाठ भरलेला कालवा, उजव्या हाताला हिरवं कुरण आणि त्यात चरणाऱ्या गाई. त्या गाईंच्या पाठी कालव्यातल्या पाण्याच्या खाली होत्या. माझ्या गावी, बोरीत, मी पाणी पाहिलं ते नेहमी खोलात, आधी विहिरीच्या तळाशी आणि नंतर बोअरच्या. ते वर ओढून शेतात आणायला आमच्या पिढ्या गेल्या. इथं शेतातलं पाणी उपसून वरच्या कालव्यात टाकतात आणि तिथून पुन्हा पंपानं समुद्राकडे लोटून देतात.

तिथल्या एका शेतकऱ्यानं मुलांना शेताकाठचा चर दाखवला. माती काळीभोर, बुटाखाली दबणारी, कुजलेल्या वनस्पतींची. पाणी उपसलं की ही माती सुकते, तिच्यात हवा शिरते, ती हळूहळू कुजून जिरते आणि जमीन आणखी खाली बसते. जमीन बसली की उपसा वाढवावा लागतो. मला आमच्या शिवारातला काळा खडक आठवला. वरच्या मुरमाच्या थरात मुरतं तेवढंच पाणी, खालच्या कठीण खडकात भेगा असतील तरच. एकानं बोअर घेतलं की शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारी त्याच्याहून खोल जातो. त्यांची जमीन खाली चालली आहे, आमचं पाणी.

त्या संध्याकाळी गावाकडं फोन लावला. मृग लागला होता.

"दादा, पेरलं का?"

"कशाचं पेरतो! आभाळ येतंय अन् जातंय. बी आणून ठेवलंय घरात. तिकडं?"

"रोज भुरभुर चालू आहे. लोक वैतागलेत."

"मग धाड की इकडं थोडा."

दुसऱ्या दिवशी वर्गात हे संभाषण सांगितलं, तेव्हा फिनिक्सच्या एका मुलीनं वहीतून डोकं वर काढलं. "प्रोफेसर, तुमच्या गावच्या छपरावरचं पाणी कुठं जातं?"

नकाशा उघडला. परभणीहून जिंतूरला जाताना वाटेत बोरी लागतं. आमच्या पत्र्यावरचं पाणी अंगणात, अंगणातून नाल्यात, नाल्यातून करपरा नदीत, पुढे पूर्णेत, पूर्णेतून गोदावरीत. नांदेड ओलांडलं की तेलंगणाच्या सीमेआधी बाभळीचा बंधारा येतो. इथं थेंबाचं पुढं काय होणार ते तारखेवर ठरतं. दोन राज्यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये निकाल दिला. त्यानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात. म्हणजे मृगात पडलेला थेंब वाटेत कुठं मुरला किंवा अडला नाही, तर 1 जुलैपर्यंत बाभळीला अडू शकतो आणि पुष्य नक्षत्रातला सरळ तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणात जातो.

वर्गात एकदम गलका झाला. तारीख कोर्टानं का ठरवली? वरच्या गावानं पाणी अडवलं तर खालच्यानं कुणाकडं जायचं? तुमच्याकडं असं मंडळ का नाही? आहे, म्हटलं. महाराष्ट्रात 2005 चा कायदा आहे, कालव्यावरच्या शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था करून पाणी आपसात वाटून घ्यावं असा. पण ज्या गावाला कालवाच नाही, तिथं वाटायचं काय? बोअरच्या पाण्याची पाळी कोण लावणार? सातशे वर्षांपूर्वी इथल्या शेतकऱ्यांना एकत्र यावंच लागलं, कारण एकाचा बांध फुटला की सगळ्यांची शेतं बुडायची. आमच्याकडं विहीर एकेकट्याची आटते. म्हणून प्रत्येकजण एकेकटाच खोल जातो.

मग मुलं आपापल्या घराकडं वळली. फिनिक्सच्या मुलीच्या नळाचं पाणी कोलोरॅडो नदीतून वाळवंट ओलांडून, पाचशेहून अधिक किलोमीटरच्या कालव्यानं येतं. ते तिनं घरी फोन करून विचारलं. आयोवाचा एक मुलगा शेतकऱ्याचा. त्यांच्या मक्याच्या रानाखाली पाणी काढून टाकणारे पाइप पुरलेले आहेत. ते पाणी खतातलं नत्र घेऊन मिसिसिपीत जातं आणि तिथून मेक्सिकोच्या आखातात. तिथं दर उन्हाळ्यात समुद्राचा एक मोठा पट्टा प्राणवायूविना पडतो. "आमचं रान पण हॉलंडच आहे की," तो म्हणाला. अठरा वर्षं त्या रानात राहून हे त्याच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

लेखी परीक्षा मी रद्द केली. शेवटचं काम म्हणून प्रत्येकानं आपल्या घराच्या छपरापासून समुद्रापर्यंतचा नकाशा काढायचा आणि वाटेत कोण कोण पाणी अडवतं, कोण सोडतं आणि त्याचे पैसे कोण भरतं, ते लिहायचं. दरम्यान विद्यापीठाचा फॉर्म आला. त्यात एक रकाना होता: हा अभ्यासक्रम युरोपातच घेणं का आवश्यक आहे? मी लिहिलं, कारण आपल्या छपरावरचं पाणी कुठं जातं, हे घरी बसून कुणी विचारत नाही.