रिकामी बाटली

माझी लेक शाळेतून सव्वाचारला घरी येते आणि मी कार्यालयातून सहाला. आल्यावर हातपाय धुतले की माझे पहिले काम म्हणजे तिचे दप्तर उघडून डबा आणि पाण्याची बाटली बाहेर काढणे. वह्यांची पाळी नंतर. डबा पुष्कळ काही सांगून जातो. पोळी तशीच राहिली असेल तर मधली सुट्टी खेळण्यात गेली असे समजावे. भाजी संपून पोळ्या उरल्या असतील तर शेजारणीच्या डब्यात पुऱ्या असणार. कधी डब्याला आमच्या स्वयंपाकघरात नसलेल्या मसाल्याचा वास येतो आणि आज देवघेव झाली हे न विचारता कळते. माझ्या नात्यातील एका कुटुंबाने आपला मुलगा निवासी शाळेत ठेवला आहे. त्याची खुशाली त्यांना रविवारच्या फोनवरून समजते. आमचे मूल मात्र रोज घरी येते आणि त्याचा दिवसही त्याच्याबरोबर येतो, अशी माझी ठाम समजूत होती.

बाटली रोज रिकामी येत असे. पाऊण लिटरची बाटली, तळाशी थेंबही नसे. मला समाधान वाटे.

दोन वर्षांपूर्वी, ती सातवीत असताना, दिवाळीची सुट्टी संपून तीनेक आठवडे झाले असतील. एका रात्री तिला हुडहुडी भरून ताप आला. तापमापक एकशे तीन दाखवीत होता. सर्दी नाही, खोकला नाही. उजव्या कुशीत, बरगडीच्या खाली दुखते आहे एवढेच ती म्हणत होती. डासांचे दिवस असल्याने आमच्या मनात पहिली शंका डेंग्यूची आली. सकाळी बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिला तपासले, पाठीवर दुखणाऱ्या जागी हलकेच हात ठेवला आणि मग अगदी सहज विचारले, "बाळ, शाळेत लघवीला किती वेळा जातेस?"

लेक माझ्याकडे पाहू लागली. बाईंनी मला बाहेर बसायला सांगितले. पाच मिनिटांनी आत बोलावले तेव्हा उत्तर मिळालेले होते. ती जातच नव्हती. सकाळी सव्वासातला घर सोडल्यापासून सव्वाचारपर्यंत, म्हणजे सलग नऊ तास. आणि जावे लागू नये म्हणून पाणीही पीत नव्हती.

लघवीची तपासणी झाली, जंतूंची वाढ पाहण्यासाठी नमुना गेला, सोनोग्राफी झाली. जंतुसंसर्ग मूत्राशयातून वर मूत्रपिंडापर्यंत पोहोचला होता. तीन दिवस रुग्णालयात शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागली आणि पुढे घरी गोळ्यांचा क्रम पूर्ण करावा लागला. डॉक्टरबाईंनी कागदावर आकृती काढून मला समजावले. मुलींचा मूत्रमार्ग आखूड असतो, त्यामुळे बाहेरचे जंतू मूत्राशयापर्यंत लवकर पोहोचतात. भरपूर पाणी प्यायले आणि दर दोन-तीन तासांनी मूत्राशय रिकामे झाले, तर ते धुऊन निघतात. लघवी तासन्तास साठून राहिली तर त्यांना वाढायला आयती जागा मिळते. जळजळ, वारंवार लघवीची भावना, ओटीपोटात दुखणे ही आधीची लक्षणे. थंडी वाजून ताप आणि कुशीत वेदना म्हणजे प्रकरण मूत्रपिंडापर्यंत गेले. असे पुन्हा पुन्हा झाले तर मूत्रपिंडावर व्रण राहू शकतात. बाईंनी शौचाचीही चौकशी केली. बद्धकोष्ठता असेल तर मूत्राशय नीट रिकामे होत नाही, हे मला ठाऊक नव्हते. आमच्याकडे तीही होती.

"जळजळ होत होती का गं?" मी रात्री रुग्णालयात विचारले.

"होत होती. पण थोडीच."

"आणि बाटली? ती तर रोज रिकामी असायची."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, फाटकाजवळची जास्वंद आहे ना, तिला घालायचे."

आमच्या इमारतीच्या फाटकाजवळची ती जास्वंद त्या वर्षी विलक्षण फुलली होती. मी स्वतः तिचे कौतुक केले होते.

ही शाळा आम्ही विचारपूर्वक निवडली होती, हे सांगायला हवे. मी मुलींच्या शाळेत शिकले. तिथल्या सोयी काही थोर नव्हत्या, पण आम्हां मैत्रिणींमध्ये आडपडदा नव्हता. 'चल गं' म्हटले की चौघीजणी उठत. मात्र अकरावीत मुलांबरोबर एका वर्गात बसले तेव्हा माझ्या तोंडून पहिले कित्येक महिने शब्द फुटला नाही. लेकीचे असे होऊ नये म्हणून सहशिक्षणाची शाळा हवी होती. ही शाळा विनाअनुदानित, म्हणून बरीचशी स्वतंत्र. सरकारी पैसा नसल्याने शुल्क जास्त, पण वेळापत्रक कसे आखावे, परीक्षा किती घ्याव्यात हे ठरवण्याची मोकळीकही जास्त. पाचवीपासून मुले आणि मुली दोघेही सुतारकाम करतात, दोघेही कोशिंबीर चिरतात, बागेत वाफे करतात. मैदानावर लंगडी आणि आट्यापाट्यांचे संघ मिश्र असतात. घरी येऊन ती मुलांची नावे जितक्या सहजपणे घेई, ते पाहून आपल्या पिढीची गाठ हिच्या पिढीत सुटली असे मला वाटले होते. एकत्र खेळणारी मुलगी पाच-सहा मुलांच्या देखत स्वच्छतागृहाकडे जायला लाजेल, हा विचार मनाला शिवलाही नाही. त्याच सहामाहीत तिने उत्सर्जनसंस्थेची आकृती काढली होती. मूत्रपिंडे, मूत्रवाहिन्या, मूत्राशय, सगळी नावे अचूक. दहापैकी दहा गुण.

ती बरी होऊन शाळेत जाऊ लागली तेव्हा मी मुख्याध्यापिकांना भेटले. त्यांनी मनापासून विचारपूस केली, पण पहिले उत्तर अपेक्षेप्रमाणेच आले. "आपल्याकडे सगळं नियमाप्रमाणे आहे हो." ते खरेही होते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत मुलांसाठी व मुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे आणि पिण्याचे सुरक्षित पाणी या गोष्टी लिहिलेल्या आहेत, आणि शाळेत दोन्ही होत्या. मी म्हटले, "मला एकदा बघू द्याल का?" प्रवेशाच्या वेळी आम्ही ग्रंथालय पाहिले होते, प्रयोगशाळा पाहिली होती, सुतारकामाच्या खोलीतील रंधे हातात घेऊन पाहिले होते. हे एक ठिकाण पाहण्याचे कुणालाच सुचले नव्हते, आणि सुचले असते तरी विचारण्याचा संकोच वाटला असता. संकोच मुलीकडे आला तो कुठून, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

शाळेतल्या मावशी मला घेऊन गेल्या. वर्गापासून तिकडे जायचे तर वाट मैदानाच्या कडेने, जिथे वरच्या वर्गांतील मुलगे व्हॉलीबॉल खेळतात. जागा स्वच्छ होती; मावशी दिवसातून तीनदा धूत. पण चारपैकी दोन दारांच्या कड्या निखळलेल्या. आत ओढणी किंवा पिशवी अडकवायला खुंटी नाही. झाकणाची कचरापेटी नाही. माझी लेक तेव्हा त्या टप्प्यावर आली नव्हती, परंतु वर्गातील निम्म्या मुली आल्या होत्या.

"ताई, पाचवीपर्यंतच्या पोरी येतात बिनधास्त," मावशी म्हणाल्या. "सातवीच्या पोरी दिवसभर इकडं फिरकत नाहीत. त्या चार दिवसांत तर पोटात दुखतंय सांगून घरीच जातात."

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"मला कोण विचारतंय?"

हे वाक्य मी मुख्याध्यापिकांना जसेच्या तसे सांगितले. त्या उठल्या, मावशींना कार्यालयात बोलावले आणि खुर्ची दिली. त्या दिवशीची त्यांची ही कृती मला अजून आठवते.

पुढच्या पालकसभेत विषय निघाला तेव्हा सुरुवातीला फार अवघड शांतता होती. एका शिक्षकांची अडचण अशी की तासाला कुणीही केव्हाही उठू लागले तर शिकवायचे कसे. अडचण खोटी नव्हती. मधली सुट्टी वीस मिनिटांची. तेवढ्यात डबा, खेळ आणि रांग, तिन्ही बसत नाही, म्हणून मुले तासाला विचारतात. विचारायचे म्हणजे सगळ्यांसमोर करंगळी वर करायची, आणि तेराव्या वर्षी त्या करंगळीवर मागच्या बाकावरून हसू येते. मग एक वडील उठले. ते म्हणाले, "माझा मुलगाही जात नाही. तिकडे मोठी मुले टिंगल करतात, आणि मध्ये आडोसा नाही." सभेतल्या अनेकांना, मलाही, हे नवीन होते. मुलग्यांना लाज नसते असे आपण किती सहज धरून चालतो! त्यांचा मूत्रमार्ग लांब असल्याने संसर्गाचा धोका कमी, एवढेच. पाणी न पिण्याची डोकेदुखी आणि बद्धकोष्ठता त्यांनाही सुटत नाही.

कड्या दुसऱ्याच दिवशी बसल्या. हा प्रश्न पैशांचा नव्हताच. खुंट्या मुलांनी सुतारकामाच्या तासाला केल्या. तिथेच त्यांनी प्रत्येक वर्गासाठी दोन लाकडी पट्ट्या केल्या. दाराजवळ टांगलेल्या असतात. जायचे असेल त्याने पट्टी घ्यायची, आल्यावर परत टांगायची, विचारायचे नाही. एका वेळी दोघांहून अधिक जाऊ शकत नाहीत, त्यामुळे शिक्षकांचीही तक्रार मिटली. मुलांच्या बाजूला आडोसे बसायला मात्र उन्हाळ्याची सुट्टी उजाडावी लागली. २०१९ साली केरळमधील शाळांनी पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली होती. आमच्या शाळेनेही ती कल्पना उचलली. दिवसातून दोनदा घंटा होते आणि शिक्षकांसह सगळे आपापल्या जागी बाटल्या उघडतात. मधली सुट्टी दहा मिनिटांनी वाढली. ती दहा मिनिटे कुठल्या तासातून घ्यायची यावर दोन सभा रंगल्या. गणिताने पाच दिली, भाषेने पाच.

सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. मैदानाच्या कडेची वाट अजून तीच आहे. इमारत हलवता येत नाही. लेक पहिला महिनाभर मैत्रिणीला बरोबर घेतल्याशिवाय पट्टीला हात लावीत नसे. डॉक्टरबाईंनी तिला घड्याळ लावून दिले होते: घरून निघताना, पाण्याच्या पहिल्या घंटेनंतर, मधल्या सुट्टीत, दुपारच्या घंटेनंतर आणि घरी आल्याबरोबर. किती पाणी प्यावे याचा तिला पटलेला हिशेब मिलिलिटरचा नव्हता. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर ठीक, गडद दिसला तर पाणी कमी पडले. तिला तो आवडला, कारण तो तिचा तिलाच तपासता येतो आणि आईला दाखवावा लागत नाही. घाई न करता बसायचे, पुढून मागे धुवायचे, हे तिला मी सांगायला हवे होते, सांगितले डॉक्टरांनी. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली, ती निर्दोष आली.

आता ती नववीत आहे. मी अजूनही संध्याकाळी दप्तर उघडते. बाटली कधी रिकामी असते, कधी अर्धी, आणि अर्धी असली तर ती आपणहून कारण सांगते. बहुतेक वेळा चाचणी परीक्षा असते. गेल्या उन्हाळ्यात फाटकाजवळची जास्वंद मलूल दिसू लागली होती. आता सकाळी कार्यालयाला निघताना मीच तिला तांब्याभर पाणी घालते.